रोशनभाऊंचा अर्धा जोक

रोशनभाऊ साडेआठला थांबतात. जोक कुठंही पोचलेला असो, लोक हसायला तोंड उघडून बसलेले असोत, ते घड्याळ पाहतात, माईक अडकवतात आणि म्हणतात, "बाकीचा घरी जाऊन हसा."

तिकीट पूर्ण, जोक अर्धा! ही उघड लूट आहे. मी फुटपाथ आणि पाण्यासाठी पत्रकं काढणारी. शेजारचा अन्याय कसा सोडू? हुडकेश्वर वस्तीत आमच्या बाजूलाच ते एकटे राहतात. सरकारी नोकरी सोडून स्टँडअप करतात. रोज सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींना नवा जोक ऐकवतात. वारा असला की चादरी भरपूर दाद देतात.

"जोकचा शेवट का सांगत नाही?" मी विचारलं.

"काहून चिडून राहिली वं? शेवटात काय ठेवलं आहे?"

सगळे जोक बाबूजींवर, म्हणजे उमरेडला राहणाऱ्या त्यांच्या वडिलांवर. नोकरी सोडली तेव्हा बाबूजी म्हणाले होते, "लोक हसतील तुह्यावर." यावर रोशनभाऊ स्टेजवरून सांगतात, "मी म्हटलं, फुकट नाही हसू देणार!" हॉल कोसळतो. तेव्हापासून बाबूजी बोलत नाहीत, हे सांगतात तेव्हाही लोक हसतात. बापाला विकून टाळ्या! मला संतापच येतो.

मागच्या शनिवारी सीताबर्डीच्या शोला मी मैत्रिणी घेऊन तयारीनंच गेले. रोशनभाऊ रंगात होते. रोशनभाऊ नोकरीत होते तेव्हा बाबूजी पहिल्यांदा मेट्रो बघायला आले, सरकत्या जिन्यापाशी त्यांनी चप्पल काढली, जिन्याला नमस्कार केला, पाय ठेवला, आणि...

साडेआठ. हात माईककडे गेला.

मी उठले. "अर्धा जोक!"

"नाही चालणार!" मैत्रिणी ओरडल्या. दुसऱ्यांदा अख्खा हॉल ओरडला. रोशनभाऊंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. ते आमच्याकडे बघतच नव्हते, शेवटच्या रांगेकडे बघत होते. "अरे, सोडा ना. एखाद्याले बस पकडाची असते."

शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. ते दाराकडे निघाले, थांबले, वळले.

"चप्पल खालीच राहिली अन् मी वर गेलो," ते मोठ्यानं म्हणाले. हॉल फुटला. त्यांनी हात वर केला. "पुरं ऐका! मी एकटाच येडा दिसन म्हणून यानं बी आपली चप्पल काढून फेकली. दोघं अनवाणी फिरलो बर्डीत. ते काहून नाही सांगत गा, रोशन?"

रोशनभाऊ माईक तसाच सोडून स्टेजवरून खाली उतरले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला इतकंच सांगितलं, "बाबूजी दर शो पाहाले येते. मागं बसते, बोलत नाही. उमरेडची शेवटची बस चुकली तर माह्या घरी राहा लागन ना, म्हणून मी वेळेवर सोडतो."

त्या दिवशी बस चुकली.

सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. पलीकडे रोशनभाऊंचा नवा जोक सुरू होता. चादरींच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत बाबूजी बसले होते. जोक संपला. चादरी हसल्या. बाबूजी हसले नाहीत.

"पुन्हा सांग," खुर्ची जवळ ओढत ते म्हणाले.