पूनमशेठची बला

समस्त जालनेकरांस, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही त्यांना तर खास, कळवण्यात येते की आमच्या मस्तगड मोहल्ल्यात एक हिरा होता, जो चमकत नव्हता. त्याला एक मालक होता, ज्याला त्याचं नाव घेता येत नव्हतं. आणि या दोघांपायी एक चांगला संसार मोडता मोडता वाचला. वाचवण्यात माझा वाटा फक्त एका अक्षराचा. पण ते अक्षर मी फार थाटात उच्चारलं.

पूनमशेठची सराफी पेढी माझ्या कापडदुकानाच्या समोर. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. शेठ देवापुढे मारवाडी बोलायचे आणि आमच्यापुढे आमच्यासारखंच 'काय करून राह्यले?'

तरुणपणी ते मुंबईहून कच्च्या हिऱ्यांची एक पुडी घेऊन आले. तिच्यात एक खडा निघाला वाटाण्याएवढा, गोल गरगरीत, राखाडी. शेठना संशय आला. सोनं चावून बघायची पिढीजात सवय. त्यांनी हिराही चावला. खड्याला काही झालं नाही. शेठचा पुढचा दात गेला.

दाताबरोबर 'स' गेला. 'स' म्हणायला जावं की फटीतून शिट्टी वाजायची. 'सोनं' म्हणताना आधी शिट्टी आणि मागून 'ओनं'. सुरुवातीचा 'स' आम्ही अंदाजाने भरून घ्यायचो. शेवटचा मात्र वाऱ्यावर जायचा.

गिऱ्हाइकाने नथीसाठी हिरा मागितला की शेठ आधी मखमलीची डबी काढत, हा खडा पुढे ठेवत आणि म्हणत, "ही बला." मग शिट्टी. मग ठरलेलं वाक्य, "चमकतं ते तुटतं, भाऊ." एवढ्यावर भागायचं नाही. खडा ऐरणीवर ठेवून ते हातोडी हाणायचे. एकदा तो उडून माझ्या दुकानात शिरला. मांजरपाटाचे सगळे तागे उलगडले, तेव्हा माझ्याच टोपीत सापडला. वाटूरचे एक पाटील लेकीच्या लग्नाचे दागिने घ्यायला आल्ते. त्यांनी खडा निरखून पाहिला आणि म्हणाले, "शेठ, हा तर भाजलेला हरभरा दिसून राह्यला." पाटलांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

आता रतनभाभी, म्हणजे शेठच्या पत्नी. बुटक्या, गोल, सावळ्या, बोलणं कमी. शेठ त्यांनाही तेच म्हणायचे. "बला, पाणी आण," आणि वर शिट्टी. निजामाच्या राज्यात वाढलेल्या आम्हा लोकांना बला म्हणजे काय ते सांगायला नको: गळ्यात पडलेली पीडा. न खपणाऱ्या खड्याला ते नाव आम्हाला बराबर वाटायचं. बायकोला म्हणणं जरा जास्तच, आणि शिट्टी म्हणजे बिलकुल चावटपणा. भाभी मात्र ऐकून घ्यायच्या.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. बदनापूरहून भाभींचे भाऊ आपल्या नव्या व्याह्यांना घेऊन शेठकडे जेवायला आले. मीही पंगतीत होतो. व्याह्यांनी वाढणाऱ्या भाभींकडे पाहून विचारलं, ह्या कोण? शेठ छाती फुगवून म्हणाले, "ही माझी बला." आणि कधी नव्हे एवढी लांब शिट्टी वाजली.

भाभींनी हातातली पुरी वाढली, सगळ्यांची ताटं उचलली, गाठोडं बांधलं आणि भावाबरोबर दुपारच्या गाडीने निघून गेल्या. परत येणार नाही, असा निरोप आला. त्यांना आणायला शेठ दोनदा गेले. भाभी दाराआडूनही बोलल्या नाहीत.

शेठना आपलं काय चुकलं तेच कळेना. दुपारी जेवायला म्हणून घरी जायचे आणि ओट्यावर बसून मुरमुरे खायचे. दार उघडायचे नाहीत. गिऱ्हाइकाने हिरा मागितला तर मुकाट्याने चमकणारा दाखवायचे. ते बघून मलाच भीती वाटली.

अशात मुंबईचा एक दलाल पेढीवर आला. खडक फोडणाऱ्या यंत्रांच्या टोकाला बसवायचे हिरे तो शोधत फिरायचा. मी पान खात तिथेच बसलो होतो. दलालाचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते. तो म्हणाला, "शेठ, तुमच्याकडे बलास आहे ऐकलं."

मी पान चघळायचं थांबवलं. बलास कशाला म्हणतात, मी विचारलं. तो म्हणाला, अशा गोल हिऱ्याला. याला पैलू पडत नाहीत, फोडू म्हटलं तर फुटत नाही, कारागिराचं चाक झिजतं. हिऱ्यांतला सगळ्यात चिवट.

शेठनी डबी मुठीत धरली होती. ते हळूच म्हणाले, "एक बदनापूरला निघून गेली. आता ही पण तुम्हाला देऊन टाकू?"

मी पेढीची फळी स्वतः लावली, शेठना हाताला धरलं आणि स्टेशनवर नेलं.

बदनापूरला भाभी ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी पाठ फिरवली. मी शेठना पुढे ढकललं. त्यांनी डबी उघडून खडा भाभींसमोर सुपात ठेवला आणि म्हणाले, "तू माझी बला…" शिट्टी वाजायच्या आत मी मागून, नाटकातल्यासारखा हात उंचावून, खणखणीत "स!" म्हणालो.

भाभींनी मान वळवली. मग मी दलालाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. गोल, चिवट, न फुटणारा. आणि शेठनी तो विकायला का नकार दिला, तेही. शेठ खाली बघून सुपाच्या काठावरून बोट फिरवत होते.

भाभींनी खडा उचलला. बोटांत फिरवला. मग शेठच्या तोंडाकडे, नेमकं त्या फटीकडे, बराच वेळ पाहिलं आणि एकदम म्हणाल्या, "मंग इतकी वर्षं दात बसवून घ्यायला काय झाल्तं?"