ल्युपिनची सागोती आणि माळ्यावरचा टोप

माणसाने थोडं वाचन ठेवलं की घरातले भलेभले प्रश्न चुटकीसरशी सुटतात. आमच्या बाबांचंच घ्या. उभी हयात कापडगिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर ओरडून बोलण्यात गेली, त्यामुळे आवाज असा की करी रोडला अभंग उचलला तर लालबागकरांनी टाळ धरावेत! गेला महिनाभर मात्र तो आवाज पार बसला होता. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, प्रोटीन कमी पडतंय, अंडी द्या, मटण द्या.

आणि नेमका श्रावण चालू!

बाबांनी आयुष्यात श्रावण मोडलेला नाही. गिरणी संपाच्या साली तर आमच्याकडे बारा महिने श्रावण होता, असं तेच सांगतात आणि वर हसतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या टॉवरमध्ये भजन असतं, बुवा तेच. यंदा पेटीपुढे दुसरं कोणी बसवावं का, अशी कुजबुज मजल्यामजल्यावर सुरू झाली होती. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण जेवण अर्धवट टाकून उठायचे. मला ते बघवेना.

म्हणून मी अभ्यास केला आणि ल्युपिन शोधून काढलं. काय चीज आहे म्हणून सांगू! शेंगेतलं बी, भुईमुगाच्या भावकीतलं. शेंगदाणा ज्याला बाधतो त्याने लांब राहावं, बाकीच्यांनी खुशाल खावं. प्रोटीनच्या बाबतीत उडीद-मसूर त्याच्यापुढे पाणी भरतात. चोथा भरपूर, स्टार्च नावापुरता, कोलेस्टेरॉल औषधालाही नाही. बी मुळात कडूजहर, पण कडूपणा आधीच काढून टाकतात आणि त्याचे थेट मटणासारखे तुकडे करून पाकिटात भरतात. मी भेटेल त्याला हे सांगत सुटलो. शेवटी आमचा लिफ्टमन मला बघितलं की जिना दाखवायला लागला.

भजनाच्या आधीच्या शनिवारी माझी बायको पद्मजा ऑफिसला गेली आणि मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. काळं वाटण केलं, मालवणी मसाला सढळ हाताने घातला. रस्सा चांगला आळावा म्हणून माळ्यावरचा जाड बुडाचा टोप उतरवला. दुपारपर्यंत असा वास सुटला की मला स्वतःचाच हेवा वाटला!

बाबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान की मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारून मोकळा झालो. मग डोळे उघडले आणि ताट लांब ढकललं.

"रघू, माजो श्रावण मोडलंस मरे!"

मी डाळ म्हणतोय, ते मटण म्हणतायत. चव इतकी हुबेहूब जमली हाच माझा गुन्हा. तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरची कालिंदीकाकी, म्हणजे आमच्या भजनमंडळाचं सुप्रीम कोर्ट. वासाने तिला आमच्या दारापर्यंत हाताला धरून आणलं होतं. बुवाच्या घरात, श्रावणात सागोती! आता सोमवारी पेटीपुढे बाबा नव्हे, दुसरंच कोणी बसणार, हे तिने उंबऱ्यावरच सांगून टाकलं. बाबांचा चेहरा पार उतरला.

मी धावत जाऊन पाकीट आणलं. काकीने चष्मा लावून हिरवा ठिपका बघितला, उजेडात धरून पुन्हा बघितला. मी उरलेला एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून तिला नुसता चावायला दिला. "डाळच आसा," तिने निकाल दिला. बाबांनी ताट ओढून घेतलं आणि महिन्याभराची भूक वसूल केली. काकी फक्त चवीपुरतं म्हणून बसली आणि वाटीवर वाटी रिचवत गेली. शेवटी रस्सा घ्यायला ती स्वतःच आत गेली, आणि आतून हाक आली.

"रघू, ह्यो टोप खंयचो?"

माझ्या हातातलं पाकीट गळून पडलं. आमच्या लोकांत मटणाचा टोप वेगळा असतो. श्रावण लागला की तो घासून, पालथा घालून माळ्यावर जातो, आणि श्रावण संपेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मी ल्युपिनचं सगळं वाचलं होतं, टोपाचं विसरलो होतो.

बाबांनी आपल्या ताटाकडे बघितलं. ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं. काकीने आपल्या वाटीकडे बघितलं. तीही. सुप्रीम कोर्टाने पदराने तोंड पुसलं.

"टोप घासलेलो होतो मां?" काकी म्हणाली. "मग भांड्याक कसलो श्रावण? पण ह्यां भायर बोलाचां नाय."

सोमवारी बाबा पेटीपुढे बसले आणि असा सूर लावला की माझा ऊर भरून आला. दोन दिवस तेच खाणं पोटभर चाललं होतं! ल्युपिनचा गुण म्हणा, भूक परतल्याचा म्हणा, आवाज होता तस्सा. भजन संपल्यावर सगळे मला गुपित विचारायला लागले. मी घसा साफ करून प्रोटीनपासून सुरुवात केली. तेव्हा बाबा माझ्या कानाशी वाकले आणि, त्यांच्या मते अगदी हळूच, म्हणाले,

"लुपिनचां काय सांगतंस रे? चव सगळी मटणाच्या टोपाची!"

आवाज परत आला होता ना! सगळ्या टॉवरने ऐकलं. कालिंदीकाकीने पदर तोंडावर ओढला.

बुवा बदलण्याची भाषा त्यानंतर कोणी केली नाही. पुढच्या श्रावणासाठी मात्र आमच्याकडे आत्तापासून नंबर लागलेत. ल्युपिनसाठी नव्हे हो, टोपासाठी.