न हलणारी करंगळी

कुठलीही मोडकी वस्तू माझ्या हातात द्या, मी ती दुरुस्त करतो! बायकोचं म्हणणं, त्यानंतरच आपण नवी आणतो. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

त्या रविवारी पंखा पुसताना मी स्टुलावरून घसरलो आणि माझा गुडघा थेट गिटारवर बसला. गिटार सासऱ्यांची. सासरे गिटारचे मास्तर. गावाला जाताना विश्वासाने आमच्याकडे ठेवून गेले होते आणि संध्याकाळी न्यायला येणार होते. मला त्यांनी जावई म्हणून मोठ्या मनाने, म्हणजे नाइलाजाने, पत्करलेलं. आता गिटारच्या गोल भोकाशेजारी बोटभर चीर!

"दुकानात नेऊ या," बायको म्हणाली.

"लाकूडच आहे ना? चिकटेल की."

झटपट सुकणारा गोंद चिरेत ओतला आणि उजव्या हाताने चीर घट्ट दाबून धरली. ती चिकटली. सोबत माझी करंगळीही! साबण झाला, तेल झालं, करंगळी ढिम्म.

"ओढू का?" बायकोने विचारलं.

"कुणाला? मला की गिटारला?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात सासरे. मी गिटार मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलो, दुसरं करणार काय?

"जावईबापू, तुम्ही वाजवता?"

"शिकतोय, बाबा," बायकोने ठोकून दिलं. "तुम्हाला चकित करायचं होतं त्याला."

"ऐकू द्या बरं."

मी अंगठ्याने तारा छेडल्या. आमच्या दाराची बिजागरीसुद्धा त्याहून सुरात करकरते. सासऱ्यांची नजर मात्र माझ्या करंगळीवर खिळली होती. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"हलत नाही," ते पुटपुटले. "करंगळी टेकवून वाजवा म्हणून आयुष्यभर ओरडलो पोरांवर. एकाची जागेवर राहत नाही. आणि तुमची..." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला इतकी लाज वाटली की खरं सांगूनच टाकणार होतो, पण बायकोने चिमटा काढला.

"गिटार राहू दे तुमच्याकडेच. दर रविवारी येतो शिकवायला."

ते गेल्यावर नेलपॉलिश काढायच्या औषधाने करंगळी सुटली, थोडी कातडी गिटारकडेच राहिली. चीर मात्र पक्की बसली आहे, हेही सांगायला हवं.

पुढच्या रविवारी माझी करंगळी हलली आणि सासऱ्यांचा चेहरा असा पडला की बघवेना. तेव्हापासून ते यायच्या आत मी गिटार घेऊन बसतो, आणि बायको करंगळीखाली गोंदाचा एक थेंब सोडते.