हजार वर्षांची वानरीण

एका जंगलात, जिथे झाडं संपून समुद्र सुरू होतो तिथे, एक सिंह राज्य करत होता. त्याला एकच दुःख होतं, मुलांनो. शेजारच्या वाघाकडे हजार वर्षांचा इतिहास होता. याच्याकडे फक्त आजोबा होते.

एकदा पाणमांजरांना तळाशी बुडालेलं जहाज सापडलं. त्यांनी त्याचा एक सागवानी वासा वर आणला, आणि चिंचोक्यांची एक पुरचुंडी.

पुरचुंडी पाहताच भागी वानरीण पुढे धावली.

"ही गाठ माझी! नवरा जहाजावर निघाला तेव्हा मीच बांधून दिली होती."

तिचा नवरा परतला नव्हता. ती दरवर्षी पिंड ठेवी. पण कावळा शिवत नसे. म्हणे, "जहाज बुडालं असं दरबार म्हणू दे. उगाच कुणालाही कसं शिवू?"

तिनं सिंहापुढे हात जोडले. "महाराज, जहाज त्याचंच आहे, एवढं सांगा. मग तो सुटेल."

वस्तूंचं वय काढायला दरबारात सुतार पक्षी होता. तो म्हणाला, "चिंचोके तपासू. ते एकाच हंगामाचे असतात. जहाज केव्हा निघालं ते कळेल."

"आणि वासा?" सिंहानं विचारलं.

"तो झाडाच्या गाभ्यातला आहे. झाड शतकानुशतकं उभं होतं, मग कापलं. त्यातून झाडाचं वय निघेल, जहाजाचं नाही."

"किती निघेल?"

"हजाराच्या घरात."

"मग वासाच तपासा," सिंह म्हणाला.

सुतार पक्ष्याला नुकतीच दरबारी ढोली मिळाली होती, दक्षिणेकडे तोंड असलेली. त्यानं वासा तपासला. चिंचोके प्रधान कोल्ह्यानं भाजून खाल्ले. "जरा खारट आहेत," एवढंच म्हणाला.

दवंडी पिटली. जहाज हजार वर्षांचं! सिंहाचे पूर्वज दर्यावर्दी!

"अहो, पण माझा नवरा होता हो त्यावर!" भागी ओरडली.

दरबार हसला. कोल्हा मात्र हसला नाही. प्रधान होता तो.

"नवरा होता म्हणतेस? असेल. मग बाई, तूही हजार वर्षांची आहेस. तसं कबूल कर. वाशाशेजारी चौथऱ्यावर बसायचं. लोक बघायला येतील."

"आणि कावळा?"

"शिवेल की! का रे?"

"हजार वर्षांचा मृत म्हणजे मान्यवर," कावळा म्हणाला. "लगेच शिवतो."

भागीनं आपल्या हातांकडे पाहिलं. केस अजून काळेच होते.

"आहे मी हजार वर्षांची," ती म्हणाली.

कावळा शिवला. भागीनं डोळे पुसले आणि ती चौथऱ्यावर चढली.

तात्पर्य: आपलं माणूस केव्हा बुडालं हे आपण सांगू नये. ते केव्हा बुडालेलं राजाला हवं आहे, एवढं विचारून घ्यावं आणि त्याच तारखेला रडावं.