पंचावन्न मिनिटांचा शब्द

सकाळी नऊ पंचावन्नला विमान उतरलं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही!

‘सासूबाईंचे स्वागत’ अशी पाटी धरून मी विमानतळाच्या दाराशी उभा होतो. छाती इतकी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं. कारण हा पराक्रम माझाच! बायकोचं बाळंतपण चार दिवसांवर आलेलं. तिला आई हवी, आणि आई एकवीसशे किलोमीटरवर. रेल्वेने अडीच दिवस, त्यात सासूबाईंचे दोन्ही गुडघे संपावर. विमानाचं नाव काढलं की त्यांना दरदरून घाम!

“तासाच्या आत पोचवणार असेल तर बसते,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. “त्यावर एक मिनिट मी अधांतरी राहायची नाही.”

मी वर्तमानपत्रात बावीस वर्षं आकडे तपासतोय. तिकीट पाहिलं. सुटणार नऊला, पोचणार नऊ पंचावन्नला. वजाबाकी केली आणि ठोकून दिलं, “पंचावन्न मिनिटं, आई! माझा शब्द!”

पहिला प्रवासी बाहेर आला आणि पाटी वाचून थबकला.

“ते जावई तुम्हीच?”

“हो!” मी हात पुढे केला.

त्याने तो घेतला नाही. “माझं ब्लडप्रेशर तुमच्या नावावर!”

पाठोपाठ एक बाई आल्या. “अहो, बरोब्बर पंचावन्न मिनिटं झाली आणि तुमच्या सासूबाई उभ्या राहिल्या! म्हणे, ‘थांबवा, माझ्या लेकीचं शहर मागे गेलं!’”

“मग?”

“मग काय! ‘माझा जावई पेपरात आकडे तपासतो. तो चुकायचा नाही. पायलटच वाट चुकलाय!’ दहा मिनिटांत अर्ध्या विमानाला पटलं. आमच्या ह्यांनी तर मृत्युपत्र लिहायला घेतलं!”

“घर मेव्हण्याला जाता जाता वाचलं,” मागून ‘हे’ म्हणाले.

“शेवटी पायलटने स्पीकरवरून सांगितलं, दोन तास पंचावन्न मिनिटंच लागतात. तर त्या म्हणाल्या, ‘हा कोण सांगणारा? पेपरात आहे का?’”

माझ्या हातातली पाटी हळूहळू खाली आली. हा परका देश एवढा रुंद की त्यांच्या शहरातली घड्याळं आमच्यापेक्षा दोन तास पुढे! दोन्ही शहरांचं हवामान, तिथल्या तिथल्या वेळेसकट, रोज मीच छापायला देतो. आणि पंचावन्न मिनिटांत एकवीसशे किलोमीटर जायला ते विमान होतं की बंदुकीची गोळी?

एवढ्यात दोन हवाई सुंदरींच्या मधून सासूबाई अवतरल्या. दोघी थकलेल्या, सासूबाई टवटवीत!

“जावईबापू, मेल्यांना पत्ता सापडेना! दोन तास नुसत्या घिरट्या! पण तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही हो!”

खरं सांगायला तोंड उघडलं. पण एवढी श्रद्धा माझ्यावर कुणी कधी ठेवलेली नाही. मिटलं.

घरी मायलेकी गळ्यात पडल्या. चहा झाला. मग सासूबाईंनी चष्मा लावून परतीचं तिकीट वाचलं. सुटणार नऊला, पोचणार एक पंचावन्नला.

“जावईबापू, हे चार तास पंचावन्न मिनिटं होतात ना?”

“वजाबाकी... तशीच येते, आई.”

“मग नाही बाई मी जायची!”

आता कबूल केलं तर प्रवास तीन तासांचा, नाही केलं तर पाच तासांचा. त्यांची अट तासाची!

हे लिहीपर्यंत बाळ आलेलं नाही. सासूबाईंची बॅग माझ्या कपाटात रिकामी झाली आहे, माझे कपडे खुर्चीवर आहेत. परतीची तारीख समजू शकलेली नाही.