टिकली लावलेली गाडी

"अहो, इथे ही लाल-लाल पोटुशी बाई कोण दिसतेय?" वासंतीबाईंनी डॅशबोर्डकडे बोट दाखवून विचारलं.

प्रभाकररावांनी गाडी सोसायटीच्या फाटकातच थांबवली आणि चष्मा सारखा केला. स्पीडच्या काट्याशेजारी नखाएवढं लाल चित्र पेटलं होतं. खुर्चीत बसलेला एक माणूस आणि त्याच्या पोटापुढे भला मोठा गोळा. वासंतीबाईंची तरी काय चूक? कुणीही बघितलं असतं तर सातवा महिनाच म्हणाला असता.

"बाई नाही गं ती. एअरबॅगची खूण आहे. गाडी सुरू केली की क्षणभर पेटते आणि जाते. गेली की सगळं ठीक."

"मग जात का नाही?"

"तेच बघतोय," प्रभाकरराव म्हणाले आणि त्यांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. बाई तिथेच.

आता एका दिव्याने एवढं घाबरण्यासारखं काय होतं, तर सांगायलाच हवं. हे प्रभाकरराव म्हणजे कोलशेतच्या एका केमिकल कारखान्यातले निवृत्त सेफ्टी ऑफिसर. उभ्या नोकरीत त्यांनी दुसरं काही केलं नाही, फक्त लोकांना हेल्मेट घालायला लावलं. एकदा एका ऑपरेटरने रात्रपाळीत झोपमोड होते म्हणून धोक्याच्या दिव्यावर फडकं टाकलं होतं. त्याला त्यांनी सगळ्या शिफ्टपुढे उभा करून असा काही झापला की बिचाऱ्याने पुढे कधी तोंड पुसायलासुद्धा फडकं घेतलं नाही. "दिवा झाकला म्हणून आग विझत नाही!" हे त्यांचं वाक्य अजून कारखान्यातले लोक एकमेकांना चहा पिताना ऐकवतात आणि हसतात.

आणि गाडी घेतली होती ती मुलीसाठी. श्रिया त्यांची एकुलती एक. तिचं सासर ठाण्यात, कोपरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे डोंबिवलीला, ही घरातली ठरलेली रीत. त्यामुळे वासंतीबाईंनी आतली खोली रंगवून घेतली होती, डिंक-अळीव आणून ठेवले होते. लेक इतक्या वर्षांनी पुन्हा घरात राहायला येणार, सकाळी बाबा म्हणून हाक मारणार, या नुसत्या कल्पनेनेच प्रभाकरराव विरघळले होते. तिच्या लहानपणी हे कायम शिफ्टला. घरी आले की ती झोपलेली असायची. आता सगळी कसर भरून काढायची होती.

मोडता घातला तो जावयाने. अद्वय मुलगा गुणी, पण सुरक्षितता हा त्याचा देव. जेवताना लोक सिरियल बघतात, हा गाड्या भिंतीवर आदळतानाचे व्हिडिओ बघायचा. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, श्रिया एअरबॅगवाल्या गाडीतूनच येईल. मागे बसली की तिला मळमळतं, म्हणजे पुढेच बसणार. रिक्षा नको, कुणाची उसनी खटारा गाडी नको."

"अरे, मी सेफ्टीत आयुष्य काढलंय, मला सांगतोस?" असं म्हणून प्रभाकररावांनी कोलशेतच्या प्रफुल्लकडून ही जुनी सेडान घेतली. प्रफुल्ल तिथलाच जुना रहिवासी. आजोबांच्या मिठागरावर आता इमारती उभ्या होत्या आणि त्याच्या दारात गाड्या उभ्या होत्या. गाडी चकाचक, दोन एअरबॅग, घासाघीस न करता दिलेली. आणि आता, लेकीला आणायला जायच्या आदल्या दिवशी, हे!

प्रभाकररावांनी तिथूनच प्रफुल्लला फोन लावला.

"काका, लाईट पेटलीय ना? पेटूं दे!" प्रफुल्ल दिलखुलास हसला. "अवो, लाईट पेटली म्हंजे गारी जिवंत हाय. सेन्सर हाय तो. माझ्या दुसऱ्या गारीला तर सगल्याच लाईटी पेटतान, मी दिवाली समजून चालवतंय."

"अहो, पण ऐनवेळी एअरबॅग उघडली नाही तर?"

"तुमी आदलूच नका ना काका!"

प्रभाकररावांनी फोन ठेवला. त्यांनी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाला म्हणाला, स्कॅनर लावून बघायला लागेल, स्कॅनरवाला मुलगा गावाला गेलाय, मंगळवारी या. दुसरं गॅरेज म्हणालं, बुधवारी या. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं, "बल्ब काढून टाकू का? पाच मिनटाचं काम." प्रभाकरराव त्याच्यावर असे काही भडकले की त्याने हातातला पाना खाली ठेवला.

आता मंगळवारपर्यंत थांबायला काय हरकत होती? होती. सोमवारी श्रियाला आठवा लागत होता आणि आठव्यात पोटुशीला जागची हलवत नाहीत. वासंतीबाईंची आई हलवत नव्हती, आजी हलवत नव्हती, आणि विहीणबाई शालूताई तर त्यांच्याही वरताण. म्हणजे उद्याचा रविवार हातचा गेला की लेक गेलीच. बाळंतपण कोपरीत.

तोवर वासंतीबाईंनी शेजारच्या देवयानीकडून वेगळीच माहिती आणली होती. "अहो, ती म्हणाली की बिघडलेली एअरबॅग कधीही फुटते म्हणे. सिग्नलला उभे असलो तरी! थाडकन!" लगेच त्यांनी डॅशबोर्डवरचा गणपती उचलून मागच्या काचेपाशी नेऊन ठेवला. बाप्पा उडून कुणाच्या डोक्यात बसायला नको, आणि बाप्पालाही लागायला नको.

"फुटत नाही गं. उलट उघडायची तेव्हा उघडणार नाही, ही भीती आहे," प्रभाकररावांनी समजावलं. "बेल्टसुद्धा हवा तसा आवळेल की नाही, देव जाणे."

"मग काय, अद्वयरावांना सांगायचं आणि हात हलवत परत यायचं?" वासंतीबाईंनी विचारलं. "खोलीला रंग कशाला काढला मग मी? आयुष्यभर त्या कारखान्यातल्या लोकांची काळजी केलीत. एक दिवस आपल्या घरच्यांची करा."

"ती काळजीच तर करतोय!"

"मला एक सांगा, तुम्ही गाडी आपटणार आहात का?"

"नाही."

"मग झालं तर. हळू चालवा." असं म्हणून त्या माउलीने कपाळावरची टिकली काढली आणि डॅशबोर्डच्या काचेवर त्या लाल बाईच्या पोटावर नेमकी चिकटवली. मोठी मरून टिकली होती, लग्नसमारंभाची. बाई दिसेनाशी झाली.

प्रभाकररावांनी टिकलीकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे. "मी काहीही पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

रविवारी डोंबिवलीहून कोपरीपर्यंत त्यांनी अशी गाडी हाकली की दोन रिक्षा, एक टेम्पो आणि एक सायकलवाले आजोबा पुढे निघून गेले. मागच्यांचे हॉर्न वाजून वाजून बसले. प्रभाकररावांची नजर रस्त्यावर कमी आणि टिकलीवर जास्त. त्यांना वाटे, ती टिकली त्यांच्याकडे बघतेय. त्या ऑपरेटरसारखी.

कोपरीत पोहोचले तर शालूताईंनी ओटीची जय्यत तयारी केलेली. श्रिया हिरव्या साडीत, चेहऱ्यावर तेज, आणि बाबांना बघताच डोळ्यांत पाणी. "बाबा, खरंच गाडी घेतली तुम्ही!" प्रभाकररावांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. अद्वय खाली उतरला, टायर दाबून पाहिले, बेल्ट ओढून पाहिला, डिकी उघडून पाहिली. किल्ली फिरवायची तेवढी राहिली, कारण तेवढ्यात शालूताई आरतीचं तबक घेऊन आल्या.

"आधी गाडीची पूजा. अद्वय, तू बाजूला हो. प्रभाकरराव, तुम्ही गाडी चालू करून ठेवा, निघतानाचा नारळ चालू गाडीपुढेच फोडायचा असतो."

प्रभाकररावांनी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. शालूताई दारातून आत वाकल्या आणि थबकल्या.

"अगंबाई, गाडीला टिकली?"

वासंतीबाई एका श्वासात म्हणाल्या, "आमच्याकडे पद्धत आहे, शालूताई. लेकीला न्यायला जाणाऱ्या गाडीला टिकली लावतात. सवाष्णीची खूण."

"किती छान! आमच्याकडे नाही हो असं काही," शालूताई हळहळल्या. रीतभात म्हटली की त्यांना कुणाच्या मागे राहणं जमत नसे. "पण वासंतीताई, प्लास्टिकची कशाला लावलीत? शुभकार्याला कुंकूच हवं. थांबा, मी लावते."

"राहू दे, राहू दे!" नवराबायको एका सुरात ओरडले.

पण शालूताईंनी नखाने टिकली अल्लाद उचलली होती. खाली तो दिवा लखलखत होता. शालूताईंचा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला.

"अगंबाई! आतूनही लावलंय!"

क्षणभर वासंतीबाईंना वाटलं, निभावलं. पण अद्वयने आईच्या खांद्यावरून डोकं आत घातलं. त्याने आधी दिवा पाहिला, मग आईच्या बोटावरची टिकली पाहिली, आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं. मुलगा गुणी असल्यामुळे तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "बाबा, तुम्ही?"

कारखान्यातल्या सगळ्या शिफ्टनी मिळून झापलं असतं तरी प्रभाकररावांना एवढं लागलं नसतं. त्यांनी गाडी बंद केली. "अद्वय, तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "हिला या गाडीतून मी नेणार नाही. मीच नेणार नाही."

"अहो!" वासंतीबाई कळवळल्या.

"कॅब मागवू," अद्वय म्हणाला. "त्यात काय!"

कॅब आली. अद्वयने आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. त्या डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा होताच, शिवाय इंजिनचा होता, बॅटरीचा होता आणि एक असा होता की जो प्रभाकररावांनाही ओळखता आला नाही. "भाऊ, हे काय?"

"साहेब, ते तसंच असतं," ड्रायव्हर म्हणाला.

दुसरी कॅब आली. तिचा दिवा लागतच नव्हता. अद्वय खूश झाला, पण प्रभाकररावांमधला ऑफिसर आता जागा झाला होता. त्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. "सुरुवातीला क्षणभर पेटायला हवा. तुझा पेटलाच नाही. बल्ब काढलायस का रे?"

ड्रायव्हर चिडला. "काका, लग्नाला चाललाय की अवकाशात? बसायचंय तर बसा, नायतर मी चाललो." आणि तो गेला. तिसऱ्याने लांबूनच हा तपासणी नाका पाहिला आणि आपणहून कॅन्सल केलं.

तोपर्यंत ऊन उतरलं. श्रिया बाकावर बसून पाय दाबत होती. शालूताईंनी आभाळाकडे पाहिलं आणि निकाल दिला. "तिन्हीसांज झाली. आता पोटुशीला घराबाहेर काढायचं नाही. उद्यापासून आठवा. झालं, माझी सून आता इथेच."

वासंतीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. श्रियाने आईच्या गळ्यात हात टाकले. "मला तू हवीस गं, आई! तुझ्याशिवाय मी नाही राहणार या वेळी." मग अद्वयचाही चेहरा पडला. प्रभाकरराव गाडीला टेकून उभे होते. सेफ्टी सांभाळली होती, पण लेक हातची गेली होती.

शालूताई काही पाषाण नव्हत्या. त्यांनी तबक खाली ठेवलं. "एवढंच ना? मग वासंतीताई, तुम्हीच राहा इथे. बाळ होईपर्यंत राहा. मला एकटीला तरी कुठे सगळं झेपणार होतं?"

"अहो, असं कसं?" वासंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "घरी हे एकटे. यांना साधा कुकर लावता येत नाही."

प्रभाकररावांना भरून आलं. चाळिशी ओलांडलेला संसार, बायको कशी सोडून राहील? ते औदार्याने म्हणाले, "माझी काळजी करू नकोस. तुला राहायचं असेल तर खुशाल राहा." आता ही नाही म्हणेल, अशी त्यांची पक्की खात्री होती.

"बरं मग राहते," वासंतीबाई म्हणाल्या. "डिंक, अळीव उद्या आणून द्या. आणि फ्रीजमध्ये आमटी आहे, ती आधी संपवा."

लेकीला आणायला गेलेले प्रभाकरराव बायकोलाही तिकडेच ठेवून एकटे परत निघाले. ओटीचा नारळ शेजारच्या सीटवर ठेवला होता. त्याला त्यांनी बेल्ट लावला.

मंगळवारी गॅरेजात स्कॅनरवाला आला. सीटखालचा एक पिवळा प्लग ढिला झाला होता, तो त्याने नीट बसवला, स्कॅनरने जुनी नोंद पुसली आणि गाडी सुरू केली. लाल बाई उगवली आणि शहाण्यासारखी मावळली. प्रभाकररावांनी स्वतः पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून खात्री करून घेतली, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, "काका, आता बॅटरी जाईल."

घरी आमटी संपली होती. कुकरची शिट्टी सापडत नव्हती. रंगवलेल्या खोलीत पंखा लावून ते थोडा वेळ बसले, मग त्यांनी कोपरीला फोन लावला. पलीकडून हसण्याचा गलका ऐकू आला. शालूताई काहीतरी सांगत होत्या आणि श्रिया हसून हसून "आई गं, पुरे!" म्हणत होती.

"अगं, ऐकलंस का? दिवा गेला! गाडी एकदम सुरक्षित आहे!"

"बरं झालं हो," वासंतीबाई म्हणाल्या. मग फोन बाजूला धरून ओरडल्या, "शालूताई, लाडूत खोबरं जरा जास्त टाका, श्रियाला आवडतं!" आणि पुन्हा फोनवर आल्या. "हं, काय म्हणत होतात?"

"म्हणत होतो," प्रभाकरराव घसा साफ करून म्हणाले, "मी न्यायला येऊ का?"

"कुणाला?" वासंतीबाईंनी अगदी सरळ मनाने विचारलं.

प्रभाकरराव पंख्याखालून उठले. मग त्यांनी तिचं कपाट उघडलं. "बरं, तुझ्या कुठल्या साड्या आणू, तेवढं सांग."