येथे कापूस आहे

शाळेतल्या बाईंची चिठ्ठी गादीवाल्याने तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा ती त्याला आपल्या धंद्यावरच आलेली वाटली. बाईंनी लिहिलं होतं, 'आपली मुलगी वर्गात रोज डुलक्या घेते. जागी असते तेव्हा भांडते. काल शेजारच्या मुलीच्या दंडाला चावली. घरी तिची झोप नीट होते का? पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल.'

"झोप नीट होते का म्हणे!" तो बायकोला म्हणाला. "अख्ख्या गावाला झोपवणारा माणूस मी. आणि माझ्या पोरीला झोप नाही?"

"नाहीच आहे," बायको म्हणाली. "तास तास तळमळते, खोकते. सकाळी उठवायला गेलं की अंगावर धावून येते. टिटवी नाव काय उगीच पडलंय?"

सात वर्षांची टिटवी दाराआडून ऐकत होती. "मी नाही जाणार खालच्या वर्गात!" ती ओरडली. "तिथे सगळे रडके असतात!" आणि एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली. गादीवाल्याने तिला उचलून घेतलं. पोरीचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही, मग गाद्यांचं काय व्हायचं ते होवो, असं त्याने त्याच वेळी ठरवलं.

त्याच्या दुकानात शिरताच समोर एक पाटी होती. तांबड्या अक्षरांत, त्याच्याच हातची: 'येथे कापूस आहे. विडी-सिगारेट ओढू नये.' पिंजलेल्या कापसाला एक ठिणगी पुरते, आणि कापूस वासही धरतो. एकदा शेजारच्या रंगाऱ्याने टर्पेंटाइनचा डबा तासभर आत ठेवला होता, तर दोन गाद्या महिनाभर विकल्या गेल्या नव्हत्या. त्यामुळे दुकानात तो स्वतःसुद्धा सिगारेट पेटवत नसे. पाटी स्वतः लिहायची आणि स्वतःच मोडायची, असला माणूस तो नव्हता. दिवसभराची सगळी तलफ तो सांभाळून घरी आणायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून एकापाठोपाठ एक भागवायचा. तोंड मात्र बाहेर करून. घर दोन खोल्यांचं, मधे पडदा, पलीकडे टिटवीचा पलंग, आणि वारा बहुधा आत येणारा.

पहिल्या रात्री त्याने टिटवीला कडक गादी दिली. सकाळी बायकोने डोकं हलवलं. दुसऱ्या रात्री मऊ दिली. तिसऱ्या रात्री कडक खाली आणि मऊ वर. पाचव्या दिवसापर्यंत पलंग इतका उंच झाला, की टिटवीला स्टुलावरून चढावं लागे, आणि त्या रात्री ती वरून पडली. कपाळाला टेंगूळ घेऊन शाळेत गेली आणि कारण विचारणाऱ्या मुलीची पट्टी मोडून आली.

"रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला," बायको म्हणाली. "त्या सिगारेटीचं बघा आधी. पोर धुरात झोपते."

"अगं, खिडकी उघडी असते सताड!"

"खिडकी तुमची असेल. धुराला कोणी सांगितलंय ते?"

त्याने खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली आणि एक सिगारेट पेटवली.

मग एक चमत्कार झाला. शाळा सुटल्यावर टिटवी दुकानात आली आणि तयार होऊन पडलेल्या एका गादीवर अशी झोपली, की दोन तास कूस बदलली नाही. उठली ती हसत. दुसऱ्या दिवशीही तेच. ती गादी एका निवृत्त न्यायाधीश बाईंची होती. त्यांच्या पाठीसाठी उत्तम कापूस घालून, दाट टाके मारून शिवलेली. गादीवाल्याला गुपित सापडलं. कसब आपलंच होतं, फक्त कापूस हलका पडत होता! त्याने ती गादी खांद्यावर टाकून घरी आणली.

घरी त्या गादीवर टिटवी तीन रात्री तळमळली. चौथ्या दिवशी न्यायाधीश बाईंचा निरोप आला, तेव्हा गादीवाल्याने घाईघाईने नवी खोळ चढवली आणि गादी पोचती केली.

दुसऱ्याच सकाळी ती हातगाडीवरून परत आली. मागोमाग न्यायाधीश बाई, पाठीला हात लावून चालत.

"ही गादी कोरी आहे?" त्यांनी विचारलं.

"एकदम कोरी, मॅडम. कालच शिवली."

"शपथेवर सांगताय?"

गादीवाल्याने पाटीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "आठवड्यापूर्वी शिवली," तो म्हणाला. "तीन रात्री माझी मुलगी झोपली तिच्यावर. पण पोरगी स्वच्छ आहे हो."

"सिगारेट ओढते?"

"काय बोलता मॅडम! सात वर्षांची आहे!"

"मग गादी ओढते का? रात्रभर खोकले मी. वास घ्या."

त्याने वाकून नाक टेकवलं. खोळ नवी होती. वास आतून, कापसातून येत होता. त्याच्याच ब्रँडचा.

"ओढतो मी," तो हळूच म्हणाला. "पण दुसऱ्या खोलीत. खिडकीत. तोंड बाहेर करून."

"तीन रात्रींत कापसाची ही गत," बाई म्हणाल्या. "मुलगी किती वर्षं झोपतेय त्या घरात?"

"सात."

बाईंनी निकाल दिला नाही. गादी ठेवून त्या निघून गेल्या.

तो दिवसभर ती गादी उसवत बसला. एकेक टाका कापला, कापूस काढला, पिंजला आणि गच्चीवर उन्हात पसरला. दोन दिवसांत वास जाणार होता, हे त्याला ठाऊक होतं. आयुष्यभर तेच करत आला होता. पण पोर काही उसवून उन्हात टाकता येत नाही. तो कापसाच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला आणि त्याला रडू आलं. कापसाला जपलं तेवढंही आपण पोरीला जपलं नाही, याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी त्याने पाटी खिळ्यावरून काढली आणि घरी नेली.

पुढचे दिवस वाईट गेले. घरी पाटी, आणि दुकानात पाटी नसली तरी कापूस. दोन्हींच्या मधे रस्त्यावर त्याने एकदा पेटवली, तर बायकोने सदरा दारातच काढून घेतला. घरातले पडदे धुतले, भिंतींना रंग दिला. आता चिडचिड गादीवाला करू लागला. तो हातगाडीवाल्याशी भांडला, दुकानात बसल्या बसल्या पेंगला, दाभण बोटात घुसवून घेतलं. चावला मात्र कोणाला नाही. टिटवी आपल्या जुन्या पातळ गादीवर झोपू लागली. आधी थोडी, मग बरी, मग सकाळपर्यंत.

शाळेतल्या बाईंनी पंधरा दिवसांऐवजी महिनाभर वाट पाहिली आणि दुसरी चिठ्ठी पाठवली. 'मुलगी वर्गात पूर्ण वेळ जागी असते. वर्ग बदलण्याची गरज नाही. मात्र आता ती फार बोलते. कृपया लक्ष द्यावे.' ही चिठ्ठी गादीवाल्याने पाकिटात ठेवली, पूर्वी जिथे सिगारेटसाठीचे सुटे पैसे असायचे त्या कप्प्यात.

रविवारी दुपारी मेहुणा आला. नेहमीसारखा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, काडी ओढली, आणि समोरच्या भिंतीवरची पाटी पाहून हात तसाच ठेवून थांबला.

"भाऊजी, दुकान घरी आणलंत की काय? कापूस कुठाय इथे?"

गादीवाल्याने फुंकर मारून त्याची काडी विझवली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ताच झोपलाय."